उघडा नळ आणि तौलनिक अभ्यास

रात्रपाळी करून झोपलेल्या सिस्टरबाईंनी दुपारी साडेबाराला पलंगावरून पाय खाली टाकला, तो थेट पाण्यात. दोन वाजता मुख्य परिचारिकेच्या जागेसाठी परीक्षा होती. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच. आणि हॉल तिकीट होतं पर्समध्ये, पर्स जमिनीवर.

"अहो, नळ कुणी सोडला?"

आतल्या खोलीत त्यांचे प्राध्यापक पती पाय वर घेऊन प्रबंध लिहीत होते. विषय, अस्तित्ववाद आणि बौद्ध विचार.

"सकाळी पाणी गेलं होतं, तेव्हा उघडा राहिला असेल."

"आणि आवाज?"

"आला ना! पण मी नेमका क्षणभंगुरतेच्या प्रकरणावर होतो. वाहत्या पाण्याचा फार उपयोग झाला."

बाईंना हा अभ्यास पाठ होता. चूक बाईंची असली की प्राध्यापक अस्तित्ववादी होत: माणूस स्वतंत्र आहे, निवड तुझी, आता तूच निस्तर. चूक स्वतःची असली की त्यांना बौद्ध विचार आठवे: 'मी' असा कुणी नाहीच, मग दोष कुणाला द्यायचा? खरं तर दोन्हीकडचे विचारवंत माणसाला आपल्याच वागण्याकडे डोळे उघडून बघायला सांगतात. तेवढं एक साम्य सोडून प्राध्यापकांनी बाकी सगळी शोधून काढली होती.

बाईंनी नळ बंद केला आणि हॉल तिकिटावर इस्त्री फिरवायला घेतली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी धापा टाकत वर आल्या.

"अगं, छतातून धार लागलीय, थेट मीटरवर!"

"अहो, जरा जाता का?"

"नको, नको, तूच चल बाई," आजी घाईघाईने म्हणाल्या. "मागच्या खेपेला हे आले, आणि गळणारं छत खरं की त्याखाली भिजणारी मी, यावर तासभर बोलले."

बाईंनी खाली जाऊन इमारतीचा मेन स्विच बंद केला, आजींचा पलंग सरकवला, गादी उचलली. वर येतात तर अख्ख्या इमारतीची वीज गेलेली आणि इस्त्री थंड. ओलं तिकीट फुंकून वाळवताना मधोमध फाटलं. ते चिकटवून निघायला पावणेदोन झाले.

"निदान पाणी तरी पुसा!" बाई दारातून ओरडल्या. प्राध्यापकांनी मान डोलावली.

परीक्षा केंद्राचं फाटक बंद होऊन दहा मिनिटं झाली होती.

"नियम आहे, ताई," पहारेकरी म्हणाला. त्याचं बरोबरच होतं, आणि बाईंना त्याचाच जास्त राग आला.

घरी पाणी होतं तिथेच होतं. प्राध्यापकही.

"परीक्षा हुकली," बाई म्हणाल्या.

"वाईट वाटून घेऊ नकोस. पदाची हाव, हेच तर दुःखाचं मूळ," ते मायेने म्हणाले. "आणि दुसऱ्या अंगानं पाहिलं, तर आजींकडे जाणं ही तुझीच निवड होती."

दोन्ही परंपरा एकाच श्वासात! बाईंनी टेबलावरचा प्रबंधाचा गठ्ठा उचलला आणि एकेक कागद शांतपणे पाण्यावर पसरायला सुरुवात केली. कागद जाड होता, पाणी चांगलं शोषत होता.

"अगं! काय करतेस!" प्राध्यापक खुर्चीवरून पाण्यात उतरले. "माझा प्रबंध! माझी अकरा वर्षं!"

"कुणाची?" बाईंनी विचारलं, आणि पुढचा कागद पसरला.