सात माणसं, सहा चौकटी

चेहरा हा मनाचा आरसा असतो, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. मारेगावात तो नखाएवढी हिरवी चौकट असतो. चौकट ज्याच्या तोंडावर उमटली तो माणूस. ज्याच्या नाही, त्यानं टोपी, पदर किंवा मान सरळ करून पुन्हा उभं राहावं. हा निवाडा देवराव राठोड यांचा असून त्यावर अपील नाही.

देवरावभाऊंचा फोटो स्टुडिओ माझ्या घराला लागून आहे. तीस वर्षं त्यांनी हातानं फोकस केला. "डोये हायेत ना मले, मशीन कायले पाह्यजे?" असं ते म्हणत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एकाएकी चेहरे ओळखणारा कॅमेरा आणला. समोर माणूस आला की पडद्यावर त्याच्या चेहऱ्याभोवती चौकट येते आणि फोकस तिथं धरला जातो. तेव्हापासून भाऊ आधी माणसं मोजतात, मग चौकटी, आणि दोन्ही जुळल्याशिवाय बटण दाबत नाहीत. सकाळी कुंपणावरून माझ्यावरही कॅमेरा रोखतात. "आली चौकट. चांगले हाय तुमी," म्हणतात. डॉक्टर एवढं ठाम कधी बोलत नाहीत.

मागच्या वर्षी एका तांड्यावरच्या लग्नात मी हजर होतो.

"सात मानसं, सहा चौकटी," भाऊंनी जाहीर केलं. "कोन राह्यलं?"

"मी तं हाव!" नवरदेवाचा मामा म्हणाला.

"तुमी हाय, मालूम हाय मले. कॅमेऱ्याले मालूम पाह्यजे."

"काढ ना बाप्पा! तिकडं वरण थंडं होऊन राह्यलं."

राहिली होती नवरदेवाची आजी. मागच्या रांगेत, पदर नाकापर्यंत. भाऊ तिच्याजवळ गेले. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात.

"याडी, पदर वर घे. तुई चौकट येऊन नाही राह्यली."

"मायी चौकट कायले रे बावा? मले कोन पाह्यते?"

"तेरवीले पाह्यतेत," भाऊ शांतपणे म्हणाले. "फोटो काय लग्नासाठी काढतेत काय? हार घालाले तोंड लागते."

मामानं नवरीला हाताला धरून कॅमेऱ्यासमोरून बाजूला नेलं. आजी तेवढी हसली आणि तिनं पदर वर घेतला. त्या तांड्यावरची पुढची लग्नं वणीच्या ड्रोनवाल्याकडं गेली. ड्रोनला वरून नुसती टकलं दिसतात, पण तो अशुभ बोलत नाही.

सभा-समारंभांचं कामही असंच गेलं. एका उद्घाटनाला व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर प्रमुख पाहुण्यांचं दहा फुटी तोंड होतं आणि त्याच्यापुढे खुद्द पाहुणे. चौकट पुनःपुन्हा फ्लेक्सवर जाई. "साहेब," भाऊ भरसभेत म्हणाले, "कॅमेरा फ्लेक्सवाल्या साहेबाले धरून राह्यला. तुमाले मोजून नाही राह्यला." मला त्या यंत्राच्या समजेबद्दल आदर वाटला. भाऊंना मात्र पुन्हा बोलावणं आलं नाही.

एवढं नुकसान सोसून हा माणूस चौकटी का मोजतो, याचं उत्तर मारेगावात सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको, शेवंतावहिनी, चार दिवसांच्या तापात गेली. तेरवीसाठी फोटो शोधायला भाऊ स्टुडिओत शिरले. अख्ख्या तालुक्याची तोंडं तिथं होती. वहिनींचं एकही नीट नव्हतं. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात वहिनी स्वतःच्याच जामीनदारासारख्या दिसतात. भाऊंनी त्याला हार घातला, आणि महिन्याभरात नवा कॅमेरा आणला.

तेव्हापासून रोज दुपारी शटर अर्धं ओढून ते जुनी पाकिटं उपसतात. "एक पाह्यजे," म्हणतात. "एकच. शार्प."

गेल्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. टेबलावर घरचे अकरा फोटो मांडले होते, दर दिवाळीचा एक. पुढं खुर्चीवर वहिनींचे सासरे, पायाशी पोरं, सगळे स्वच्छ. मागं वहिनी, प्रत्येक फोटोत पुसट. भाऊंनी त्यातला एक कॅमेऱ्याखाली ठेवला.

"जुना फोटो, नवा कॅमेरा," ते म्हणाले. "यानं तोंड धरलं का फोकस लागलाच समजा."

चौकट सासऱ्यांवर आली, पोरांवर आली. भाऊंनी फोटो बोटभर सरकवला. चौकट थरथरली आणि वहिनींवर जाऊन बसली.

मी बाकीचे दहा पाहत होतो. सगळ्यांत वहिनींची मान एकाच बाजूला वळलेली होती. त्या कडेला धावत फोटोत शिरणारा भाऊंचा खांदा होता.

"भाऊ," मी म्हणालो, "यात फोकसचा दोष नाही. टायमर लावून तुम्ही पळत येत होता. वहिनी तुमच्याकडं पाहताहेत. त्या हलल्यात."

त्यांनी अकराही फोटो एकेक करून पाहिले. बराच वेळ लागला.

"पडसान, म्हणे मले," ते म्हणाले. "दरसाल म्हणे. एकडावही पडलो नाही मी."

मग त्यांनी बटण दाबलं.

फोटो अतिशय शार्प आला. वहिनींचा चेहरा होता तेवढाच पुसट होता. त्याखालच्या कागदाचा दाणा न दाणा स्वच्छ दिसत होता.