सर्वांना समान धूर

डोरीन कोवाच ओहायोतल्या एका गवत कापायच्या यंत्रांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं पाळीप्रमुख होती. तेवढ्या काळात तिच्या डोक्यावर सात पदवीधर सल्लागार येऊन बसले. कामगार काम सोडून का जातात याचा ते शास्त्रशुद्ध शोध घेत. पहिल्याच दिवशी ते डोरीनला विचारत, "इथली माणसं का हो टिकत नाहीत?" ती सांगे, ते लिहून घेत, आणि सहा महिन्यांनी तेच रंगीत आलेखांसह साहेबांपुढे मांडून स्वतःच काम सोडून जात.

सातवा गेला तेव्हा तिने ठरवलं, आता आपणच औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र शिकायचं. वाटा तीन होत्या. डॉक्टरेटला पाच वर्षं लागत, आणि ती झालेला माणूस पुन्हा कारखान्यात पाऊल टाकत नसे. घरबसल्या अठरा आठवड्यांत मिळणारं एक प्रमाणपत्र होतं, नवरा म्हणाला, "त्यापेक्षा मीच देतो की लिहून." राहिली मेपल फोर्क विद्यापीठाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. जागा एक, मुलाखतीला चौघे. डोरीनने नवा कोट घेतला.

मेपल फोर्कच्या विभागाला आपल्या निःपक्षपातीपणाचा फार अभिमान. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच आवाजात. मुलाखत घेणाऱ्याने मान डोलावायची नाही, कारण डोलावलेली मान मोजता येत नाही.

डोरीनचा नंबर तिसरा होता. सकाळी पहिल्या उमेदवाराला मुलाखत घेणाऱ्या डॉ. फिच बाईंनी चुकून, माणुसकीच्या भरात, कॉफी विचारली होती. मग सगळ्यांना तेवढीच गरम कॉफी देणं आलं, म्हणून कॉफीचं यंत्र सातपासून बंदच केलेलं नव्हतं. त्याच उमेदवाराच्या मुलाखतीत अकराव्या मिनिटाला आगीच्या घंटेची चाचणी झाली. तेव्हा बाकीच्यांनाही अकराव्या मिनिटाला घंटा लागू झाली, आणि अग्निशमन दलाला लेखी कळवलं गेलं की आज घंटा वाजतच राहील, कृपया येऊ नये. दुसऱ्या उमेदवाराने खुर्चीवर कॉफी सांडली होती.

"अहो डॉक्टर, ही खुर्ची ओली आहे," डोरीन म्हणाली.

"हो. समान संधी," विभागप्रमुख डॉ. ट्रंबल म्हणाले.

"पण पहिला तर कोरड्या खुर्चीत बसला असेल ना?"

"त्यांना शुक्रवारी परत बोलावलं आहे. ओल्या खुर्चीत बसायला."

डोरीन नव्या कोटासकट बसली. तिला ती जागा हवी होती.

नवव्या मिनिटाला घंटा वाजली. डॉ. फिचनी घड्याळ पाहून नोंद केली, 'दोन मिनिटं लवकर.' पाठोपाठ दाराखालून धूर आत आला.

"ते कॉफीचं यंत्र पेटलंय वाटतं!" डोरीन म्हणाली.

"मिसेस कोवाच, आधीच्या उमेदवारांना धूर नव्हता," ट्रंबल खोकत म्हणाले. "त्याची दखल घेतली तर तुम्हाला वेगळी वागणूक दिल्यासारखं होईल. प्रश्न सहावा. संकटात तुम्ही योग्य निर्णय घेतल्याचा एखादा प्रसंग सांगा."

"हा आत्ताचा! उठा बघू दोघंही!"

"उदाहरण भूतकाळातलं हवं."

डोरीनने दोघांची बखोटी धरली आणि त्यांना हिरवळीवर आणून सोडलं. मग कारखान्याच्या सवयीने तिने डोकी मोजली. चौथा उमेदवार दिसेना. ती परत आत गेली. प्रेस्टन नावाचा तो गृहस्थ नाकाला टाय लावून बाकावर ताठ बसला होता.

"अरे बाबा, ऊठ! मरायचंय का?"

"मॅडम, हे मुलाखतीतलंच असेल तर प्लीज मला उठवू नका. माझे गुण जातील."

तिने त्यालाही ओढत बाहेर काढलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'संकटात निर्णयक्षमता : शून्य. उमेदवाराने भूतकाळातील उदाहरण दिले नाही. शिवाय मुलाखत अर्धवट सोडली.' जागा प्रेस्टनला मिळाली. चौघांत सर्वाधिक काळ तोच जागेवर बसला होता. त्याच सुमारास कारखान्यात आठवा सल्लागार रुजू झाला आणि त्याने डोरीनला विचारलं, "इथली माणसं का हो टिकत नाहीत?"

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. प्रश्न सहाव्याचं उत्तर आता तिच्याकडे होतं, आणि भूतकाळातलं होतं.

पण दोन वर्षांच्या गुणांची तुलना करायची, तर परिस्थिती सारखी हवी. म्हणून यंदा बाहेरच्या बोळात पिंपात ओला पाला पेटवला होता आणि प्रेस्टन, आता संशोधन सहायक, फाईलने वारा घालत होता. तिला पाहून तो हळूच म्हणाला, "मॅडम, एवढंच सांगतो, या वेळी उठू नका."

नवव्या मिनिटाला घंटा वाजली. दाराखालून धूर आला. तो पाल्याचा होता की खरा, हे बसल्या जागेवरून कळायला मार्ग नव्हता. डोरीनने दाराकडे पाहिलं, मग ट्रंबलकडे पाहिलं. ते बसले होते.

डोरीन बसली. तिला प्रवेश मिळाला.

तिला हसू नका. तुमच्या कार्यालयात मागच्या वेळी घंटा वाजली तेव्हा, साहेब उठलेत का, हेच तुम्ही आधी पाहिलं होतं.