बारा कोपऱ्यांची निवड समिती

आमच्या घरात माणसं पाच, बाथरूम एक, आणि गेल्या सोमवारपर्यंत त्या बाथरूमला दारही होतं. जुनं होतं, खालून कुजलं होतं, पण होतं. सोमवारी सकाळी सुतारकाकांनी ते काढलं, नवीन दार भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाले, "जेवायच्या आत बसवून देतो."

ऐका ना, मधे बोलू नका, नाहीतर मी विसरेन.

तर काकांनी मशीन लावलं आणि बिजागऱ्या बसवायला खाचा पाडल्या. तीन दारात, तीन चौकटीत. भुस्सा उडाला, आई शिंकली, सगळं रीतसर चाललं होतं. आता त्या मशीनचं पातं गोल फिरतं, म्हणून खाचेचे कोपरे गोल येतात. आणि आमच्या बिजागऱ्यांचे कोपरे चौकोनी. म्हणजे बिजागरी खाचेत बसेना. काही विशेष नाही, असं रोजच होतं म्हणे. काकांनी पिशवीत हात घातला, कोपरे कोरून चौकोनी करायला पटाशी काढली, हातोडी उचलली. दोन मिनिटांचं काम.

"थांबा," बाबा म्हणाले. "ही पटाशी कोणत्या आधारावर निवडलीत?"

तुम्हाला माहितीये ना, बाबा चौतीस वर्षं खरेदी विभागात होते. टाचणीसुद्धा तुलनात्मक तक्त्याशिवाय घेतली नाही त्यांनी. निवृत्त होऊन सात महिने झालेत, आणि सात महिने घरात तुलना करण्यासारखं काहीच आलं नव्हतं.

काका म्हणाले, "आधार म्हणजे? पिशवीत वर हीच होती."

झालं! तिथेच आमच्या दाराचं नशीब फुटलं.

दुपारपर्यंत समिती. बाबा अध्यक्ष, दादा सदस्य, मी सचिव. आई विशेष निमंत्रित, म्हणजे तिने चहा आणायचा आणि बोलली तर "नोंद घेतली" म्हणायचं. आई म्हणाली, "अहो, हाताला लागेल त्याने खरवडा आणि दार लावा." मी नोंद घेतली.

वहिनी म्हणाली, "मला पण घ्या की समितीत."

वहिनीला आमच्याकडे येऊन तीनच महिने झालेत. तिला वाटलं, घरातलं कार्य आहे, आपणही हातभार लावावा. बाबा एकदम हळुवार आवाजात म्हणाले, "बेटा, तू लाभार्थी आहेस. लाभार्थी निवडीत बसला की पक्षपात होतो."

"लाभार्थी तर सगळेच आहेत ना? अंघोळ तुम्हीही करता."

"आम्ही पदसिद्ध करतो," बाबा म्हणाले.

मग तात्पुरती व्यवस्था. चौकटीला चादर. आत कुणी आहे हे बाहेर कळावं म्हणून आतल्याने गाणं म्हणायचं. बाबा समरगीत म्हणतात, दादा शिट्टी वाजवतो, त्याला सूट दिली. वहिनीला गाता येत नाही, ती पाढे म्हणायची. आणि समोरच्या खोलीतला पंखा लावला की चादर फुगते, म्हणून एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात चादरीचं टोक. एकोणतीसचा पाढा साबण डोळ्यात गेल्यावर म्हणून बघा एकदा! एकोणतीस सत्ते दोनशे तीनला अडकली की बाहेरून दादा ओरडायचा, "झालं का तुझं?"

तिकडे समिती जोरात. बाबांनी चौदा निकष काढले. धार, पकड, वजन, मुठीचं लाकूड, घाम आल्यावरची पकड, आणि नववा निकष 'कोपऱ्याचा कोपरेपणा'. मी विचारलं, हा मोजायचा कसा? तर त्यासाठी उपसमिती. उपसमितीत दादा एकटाच. तो तीन दिवस व्हिडिओ बघत बसला. पहिल्या दिवशी त्याला पटाशी आणि स्क्रूड्रायव्हर यातला फरक सांगता येत नव्हता. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "लोक सरळ पात्याच्या मागे लागतात, पण खरी मजा तिरक्या धारेत आहे."

वहिनी म्हणाली, "माझी मजा दारात आहे."

शेवटी चार हत्यारं अंतिम फेरीत आली. काकांची साधी पटाशी. एक काटकोनी पटाशी, कोपऱ्यावर ठेवायची आणि वरून एक ठोका, कोपरा तयार. एक दादाची लाडकी तिरक्या धारेची. आणि एक जाड पात्याचा सुतारी चाकू. बाबा म्हणाले, कागदावरची निवड कागदावर राहते, प्रात्यक्षिक हवं. शुक्रवारी तीन दुकानांची तीन माणसं आली, इस्त्रीचे शर्ट घालून. काका रोजच्याच कपड्यात.

"साहेब, मी इथे कामाला आलोय की परीक्षेला?" काकांनी विचारलं.

"दोन्ही संधी आहेत," बाबा म्हणाले.

आता नीट ऐका हं. सहा खाचा. एका खाचेत दोन गोल कोपरे. एकूण बारा. हत्यारं चार, प्रत्येकाला तीन कोपरे. बारा भागिले चार तीन. म्हणजे प्रात्यक्षिक संपलं की दाराचे सगळे कोपरेही तयार! आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. वहिनीच्या आलं! पाढे पक्के झाले होते ना तिचे. ती टॉवेल आणि साबण घेऊन पॅसेजमध्ये उभी राहिली आणि कोपरे मोजायला लागली. सात. आठ. बाबा प्रत्येक कोपऱ्याला भिंग लावून गुण देत होते, मी लिहीत होते. अकरा. बारावा कोपरा काकांनी मारला, फुंकर घातली, सहज म्हणून बिजागरी ठेवली. टक्क! अशी बसली की नख घालायला जागा नाही. सगळ्याच बसल्या. काकांनी स्क्रू उचलला आणि वहिनी पाच दिवसांत पहिल्यांदा हसली.

"स्क्रू खाली ठेवा," बाबा म्हणाले.

"का? झालं की काम!"

"हे काम नाही. हे प्रात्यक्षिक आहे. प्रात्यक्षिकाचे कोपरे प्रत्यक्षात वापरता येत नाहीत. उद्या एकाची निवड झाली आणि दारात बाकी तिघांचे कोपरे निघाले, तर ते हरकत घेणार नाहीत?"

इस्त्रीवाले तिघं म्हणाले, आम्ही नाही घेणार. बाबा म्हणाले, "हे तोंडी आहे."

"मग आता काय करू?" काका.

"मूळ स्थितीत आणा. निवडलेल्या हत्याराला चालायला कोपरा नको? कोपरा नसेल तर गरज नाही, आणि गरज नसलेली खरेदी मी आयुष्यात केली नाही."

आणि खरं सांगते, काकांनी खाचांमध्ये लाकडाचे तुकडे डिंकाने चिकटवले, वाळू दिले, आणि मशीन लावून पुन्हा खाचा पाडल्या. बारा कोपरे. गोल. अगदी सोमवारसारखे. वहिनी तिथेच उभी राहून बघत होती. एकेक कोपरा गोल होताना मोजत होती, पण या वेळी उलटे आकडे.

एकावर आल्यावर तिने टॉवेल दादाच्या खांद्यावर टाकला. "आई, मी माहेरी जाते."

दादा म्हणाला, "अगं, निकाल संध्याकाळी आहे!"

"दार लागलं की फोन कर. पटाशीचं नाव सांगायला करू नकोस." आणि गेली. पाच मिनिटांत बॅग भरून.

आई कधी नाही ते बाबांवर ओरडली, "अहो, सून गेली घरातून!" बाबांचा चेहरा पडला, खरंच पडला. दोन घास कमी जेवले. पण सभा ठरलेली होती. मी इतिवृत्तात लिहिलं, 'लाभार्थी गैरहजर.' मग दादानेच मुद्दा काढला की लाभार्थीच नाही म्हटल्यावर घाई कशाला, दार आता सवडीने लावलं तरी चालेल. ठराव एकमताने मंजूर. मी पण हात वर केला. काय करणार, ओघात गेला वर!

आणि मग निकाल. काय सांगू, श्वास रोखला होता सगळ्यांनी! पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात अर्ध्या गुणाचा फरक. काका पण खुर्चीच्या टोकावर. बाबांनी नाव वाचलं, दादाने टाळी वाजवली आणि त्याच भरात वहिनीला फोन लावला, नाव सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन बंदच आहे. चादर अजून तशीच लटकतेय.

बस, एवढंच. मी तिथूनच धावत आले. बोला आता.

काय? कुठली जिंकली?

आणि तू? तुलाही तेच विचारायचंय? तू काय बोट वर करतोयस, काटकोनी का?

वा! पाच जण बसलाय तुम्ही इथे. वहिनी आता कशी आहे, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. चला उठा, बाबांना सांगते, समितीला पाच नवे सदस्य मिळाले.