भिंती तपासणारे कानडे डॉक्टर

आमच्या तुळजापुरात कुणाचं कुत्रं आजारी पडलं आणि कानडे डॉक्टरांना घरी बोलावलं, तर डॉक्टर आधी कुत्र्याकडे बघत नाहीत. भिंतीकडे बघतात. दाराशी चपला काढतात, पिशवीतून बॅटरी काढतात आणि जिथं फरशी भिंतीला मिळते तिथं गुडघे टेकून बसतात. घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी, मालक कुत्र्याला कवटाळून उभा, आणि डॉक्टर पलंगाखाली अर्धे आत. तिथूनच आवाज येतो, "गोचीड अंगावर नंतर, भिंतीत आधी!"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंगावर दिसतो तो गोचीड नुसता जेवायला आलेला असतो, त्याचं बिऱ्हाड भिंतीच्या फटीत असतं, असं ते कुणालाही थांबवून सांगतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. आता ते घरोघरी जाऊन फक्त कुत्री बघतात. गाई-म्हशींचं आयुष्यभर केलं, आता ज्यांना कुणी विचारत नाही त्यांचं करतो, म्हणतात.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला नळदुर्गला गेले होते. पोहे आले, मुलगी आली, पुतण्याची मान खाली गेली, आणि डॉक्टरांचा पत्ता नाही. शोधाशोध झाली तर साहेब मागच्या पडवीत आकड्यानं भिंत टोकरत होते. मुलीच्या बापाला वाटलं, मुलाकडची माणसं लई चौकस, घराचं बांधकामसुद्धा बघून घेतात. घाबरून त्यानं स्वतःच सांगून टाकलं की पाया पक्का आहे, ओल फक्त त्याच भिंतीला आहे. लग्न जमलं. वरातीच्या आत त्या भिंतीला गिलावा झाला, एवढं श्रेय डॉक्टर अजून घेतात.

दुसरी गंमत बोलण्याची. माणसांना ते सरसकट अरे-तुरे करतात, माझ्या वडलांसारखे, म्हणजे अण्णांसारखे, दोन-चार वडीलधारे सोडून. कुत्र्यांना मात्र अहो-जाहो. "या, बसा. जीभ दाखवता का जरा? कालपासनं जेवला न्हाईत म्हणं." माणसाला स्वतःचं नाव नसतंच त्यांच्या लेखी. बसस्थानकामागचे लॉजवाले पाटील हे "रॉकीचे वडील". मी शाळेत इंग्रजी शिकवतो, पोरं मला बघून सायकलवरून उतरतात, पण डॉक्टर भर बाजारात मला "बंड्याचा थोरला भाऊ" म्हणून हाक मारतात. वर्गात ते पोचायला एक दिवस पुरला.

बंड्या हे आमचं कुत्रं. म्हणजे अण्णांचं. तांबूस अंगाचं, एक कान कायम पडलेला, जात विचारू नये असं. आई गेल्यावर अण्णांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला. त्यानंतर ते बोलेनात, चालेनात. डॉक्टरी व्यायाम सांगितले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मग हे पिल्लू कुठूनसं दारात आलं आणि त्याला फिरवून आणायला कुणीतरी हवं म्हणून अण्णा उठले. सकाळ-संध्याकाळ दोघं चौकापर्यंत जाऊन येतात. बंड्या पुढं चालतो, थांबतो, मागं बघतो. अण्णांचा डावा पाय अजून ओढला जातो, पण चालतो तो बंड्यामुळंच. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या उन्हाळ्यात बंड्यानं खाणं टाकलं. अण्णा म्हणाले, उन्हामुळं. दुसऱ्या दिवशी तो फिरायला उठला नाही, आणि अण्णाही उठले नाहीत. मी डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर आले, रीतसर भिंतीकडे वळले. देवघराशेजारच्या फटीत बॅटरी मारून "हाय, इथं वस्ती हाय" असं समाधानानं म्हणाले. माझी बायको सुनंदा रोज फरशी पुसते. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसा तो गोचीड मीच आणून ठेवला होता. मग डॉक्टर बंड्याजवळ बसले.

"काय बंडोपंत, कसं काय?"

बंडोपंतांनी शेपटीचं टोक हलवलं. डॉक्टरांनी ताप बघितला, गळ्याखाली चाचपलं, कान उलटा केला आणि थबकले.

"हे पिवळं काय?"

"भंडारा," अण्णा म्हणाले. आमचं कुलदैवत अणदूरचा खंडोबा. कुत्रं हे देवाचं, म्हणून अण्णा रोज पूजा झाली की चिमूटभर हळद बंड्याच्या कपाळाला आणि दोन्ही कानांना लावायचे. देव आधी बंड्याला मिळे, मग आम्हाला.

"हिरड्यांना बी लावता काय?"

"न्हाय वो. चाटतंय ते हात. लागत असंल."

डॉक्टरांनी कापूस ओला करून कान पुसला. कापूस पिवळा झाला. दुसरा बोळा घेतला, तो फिकट पिवळा. तिसरा घेतला. तो पांढराच राहिला. कान मात्र पिवळा होता.

डॉक्टरांनी तिन्ही बोळे कागदात गुंडाळले.

"लघवी कशी करताय?" त्यांनी बंड्यालाच हळूच विचारलं. कोऱ्या चहासारखी, असं सुनंदानं सांगितलं. अंगणात पाणी टाकताना तिनं ते बघितलं होतं आणि उन्हाळ्यामुळं असेल म्हणून सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि ते घरी गेले. त्यांच्या खिडकीत जुना सूक्ष्मदर्शक आहे. परत आले तेव्हा बॅटरी पिशवीतच होती.

"गोचीड ताप हाय. रक्तात शिरलाय, कावीळ झालीय. एक इंजेक्शन आता देतो, सलाईन लावतो. गोळ्या महिनाभर. दोन-तीन दिवस काय सांगता येत न्हाय."

अण्णा खुर्चीच्या दांड्याला धरून होते. "मी रोज हळद लावत होतो, म्हणून दिसलं न्हाय," ते म्हणाले. "माझ्यामुळंच झालं का वो?"

मला वाटलं, आता डॉक्टर तोफ डागणार. रॉकीच्या वडलांनी गोचीड मारायला रॉकेल ओतलं होतं, तेव्हा अख्ख्या गल्लीनं डॉक्टरांचा आवाज ऐकला होता. पण ते अण्णांच्या पायाशी खाली बसले.

"गोचिडामुळं झालं," ते म्हणाले. "देवाचं नाव मधी घेऊ नका, आणि तुमचं बी. भंडारा लावा, पर कपाळाला. कान मला बघायला ठेवा."

पुढचे दोन दिवस वाईट गेले. अण्णा बंड्याजवळ सतरंजी टाकून बसून राहिले. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "त्यानं खाल्लं की खातो." आम्हाला दोघांचीही धास्ती होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बंड्यानं डॉक्टरांचा हात चाटला आणि सुनंदानं मोडून दिलेला भाकरीचा तुकडा खाल्ला. अण्णांनी उरलेली भाकरी तिथंच बसून खाल्ली. मी बाहेर जाऊन उगाच नळ चालू केला.

खरी करमणूक त्यानंतर सुरू झाली. आठवड्यात बंड्या टुणटुणीत झाला आणि अण्णांनी जाहीर केलं, आता गोळ्यांची गरज नाही. वर बंड्याला आवडतो म्हणून ते गोळी कुंथलगिरीच्या पेढ्यात घालून देत होते, हेही बाहेर पडलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"खव्यासंगं ही गोळी अंगी लागत न्हाय! आणि मधीच सोडली तर ताप आत दबा धरून बसतोय, पुन्हा उठतोय. द्या ती पाकिटं इकडं."

"माझ्यावर भरोसा न्हाय?"

"न्हाय."

त्या दिवसापासून गोळ्या डॉक्टरांच्या खिशात आणि डॉक्टर रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर. गोळी भाकरीत घालून द्यायची, वर पाणी पाजायचं, आणि उलटी होते का बघायला अर्धा तास बसायचं, असा त्यांचा नियम. भाकरी आधी ते स्वतः चाखत. "मीठ जास्त झालंय. यांना चालणार न्हाय," असं म्हणून एक भाकरी संपवत. दुसरी चाखून बघत. पिठल्याचं तर बंड्याशी काहीच देणंघेणं नव्हतं, पण तेही तपासलं जाई.

तो अर्धा तास हळूहळू दिवेलागणीपर्यंत लांबला. अण्णा आणि ते कशावरही भांडत. शाळू बार्शीकडचा चांगला की परांड्याकडचा, यावर एकदा दोघं इतके तापले की बंड्या उठून आत निघून गेला. झटका आल्यापासून अण्णांचं बोलणं अडखळायचं. भांडताना ते अडखळत नव्हते.

एकदा डॉक्टर पिशवी विसरले, ती द्यायला सुनंदा त्यांच्या घरी गेली. परत आली ती माझ्याशेजारी येऊन बसली. "ओट्यावर एक कप आणि एक ताटली पालथी घातलीय," ती म्हणाली. "शेगडीवर धूळ आहे हो. मुलं पुण्याला, बायको जाऊन किती वर्षं झाली. डबा येतो म्हणे, तो तसाच होता." दुसऱ्या दिवसापासून ती दोन भाकऱ्या जास्त करू लागली. मीठ जास्त असल्याची तक्रार चालूच राहिली.

महिना संपला. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं आणि येऊन सांगितलं, "स्वच्छ. सुटलात बंडोपंत." बंड्यानं त्यांच्या अंगावर उडी घेतली. ते बराच वेळ त्याची पाठ खाजवत राहिले, मग चपला पायात घातल्या, पिशवीचा बंद नीट केला, पुन्हा एकदा नीट केला. "बराय मग," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा आणि बंड्या चौकापर्यंत जाऊन आले. अण्णा ओसरीवर बसले. सुनंदानं सवयीनं भाकऱ्या जास्त केल्या होत्या. तिसऱ्या दिवशीही तेच. रस्त्यानं कुणी आलं की अण्णा बघत, आणि बघितलं नाही असं दाखवत. चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"डॉक्टरला फोन लाव."

मी लावून दिला. अण्णांनी फोन कानाला धरला. समोर बंड्या रिकामा वाडगा चाटत, तो ओसरीभर ढकलत निघाला होता.

"डॉक्टर, जेवत न्हाय वो हे," अण्णा म्हणाले. "सकाळपासनं कशाला तोंड न्हाय लावलं."

डॉक्टर धापा टाकत आले. शर्टाची गुंडी चुकलेली, हातात पिशवी. फाटकातच बंड्यानं त्यांच्या खांद्यावर पाय टाकले. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, ओसरीतल्या वाडग्याकडे बघितलं, बंड्याच्या मिशीला लागलेल्या पिठल्याकडे बघितलं. मग अण्णांकडे. अण्णा रस्त्यावरून चाललेली सोलापूरची गाडी बघत होते.

आयुष्यात कुणाचं ऐकून निदान न करणारा हा माणूस खाली बसला. त्यानं नळी कानाला लावली आणि त्या धडधाकट कुत्र्याची छाती डोळे मिटून फार वेळ ऐकली. सुनंदा आत गेली, ताटं मांडल्याचा आवाज आला.

डॉक्टरांनी नळी काढली. "तसं अशक्तपणा वाटतोय जरा," ते म्हणाले. "रोज येऊन बघावं लागंल."

"मग बसा की," अण्णा म्हणाले. "उभ्या उभ्या कशाला बघताय?"