मागच्या गेटवरचा टोपीवाला

सुमंगल विहार सोसायटीत सुरक्षेसाठी बारा कॅमेरे होते. त्यांपैकी सात चालू, तीन बंद आणि दोन कबुतरांच्या ताब्यात. वॉचमन दोन, शिट्ट्या तीन. बाळकुम गावाच्या बाजूला उघडणाऱ्या मागच्या गेटला कॅमेरा एक, कुलूप एक आणि किल्ली शून्य. त्यामुळे ते गेट कायम उघडं असायचं.

ही मोजणी आसावरीची. ती भौतिकशास्त्राची पदवीधर, पुढे तिने आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतला तेव्हा तिच्या बाबांनी, गुरुदत्त प्रधानांनी, एवढंच विचारलं होतं, "मग आता प्रयोगशाळा कुठे?" ती आता सापडली होती. सुरक्षेकडे चिकित्सक नजरेने कसं बघायचं हे शिकवणाऱ्या संचिता मॅडमनी वर्गाला सांगितलं होतं, "फौजफाटा आणि सीमा तात्पुरत्या विसरा. वजनदार माणूस एखाद्या गोष्टीला धोका म्हणतो, ऐकणारे माना डोलावतात, आणि ती गोष्ट धोका होते. जवळची एक जागा निवडा आणि बघा, तिथे सुरक्षित कोण, कशापासून, आणि हे ठरवतं कोण."

आसावरीने मागचं गेट निवडलं. तिथे संध्याकाळी हौसाबाई कोळीण पाटी घेऊन बसायची आणि अर्धी सोसायटी तिच्याभोवती जमायची. निरीक्षणामुळे माणसांचं वागणं बदलू नये म्हणून आसावरी थोडी लांब, बदामाच्या झाडाखाली बसली. खाडीचे डास फोडून काढत होते, म्हणून तिने बाबांचं विंडचीटर घातलं आणि त्यांची माकडटोपी पार भुवयांपर्यंत ओढली. बाबा ऑफिसातून उशिरा यायचे; त्यांना पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या नीलाकाकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'मागच्या गेटला एक टोपीवाला बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करतोय.' सेक्रेटरी विश्रामकाकांनी तत्काळ उत्तर दिलं, 'ही रेकी आहे, चोरीआधीची टेहळणी. सावध राहा.' एका फ्लॅटमागे एकच सभासद असा ग्रुपचा नियम होता आणि प्रधानांकडून बाबा होते. त्यामुळे आसावरीला यातलं काही कळलं नाही.

तिला कळलं ते वेगळंच. बायका आता जोडीने यायला लागल्या, मुलांची सायकल बंद झाली, वॉचमन उगाचच शिट्ट्या वाजवू लागला. 'भीतीची पातळी वाढतेय, कारण अज्ञात,' असं तिने आनंदाने टिपून ठेवलं.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "अगं, मागच्या गेटला कोणीतरी रेकी करतंय म्हणे."

"काय सांगता! मी रोज तिथेच असते. मला नाही दिसला."

"मग फारच पोचलेला असणार."

"उद्या जास्त वेळ बसते," आसावरी म्हणाली. "नीट लक्ष ठेवते."

ती जास्त वेळ बसली. ग्रुपवर बातमी गेली की टोपीवाल्याची हिंमत वाढली आहे. शनिवारी विश्रामकाकांनी मागच्या गेटजवळ विटा आणून टाकल्या आणि रविवारी तातडीची सभा बोलावली. विषय एकच: मागचं गेट बांधून काढणे.

सभेला जाण्याआधी आसावरी हौसाबाईकडे थांबली. विटांच्या ढिगाकडे बघत हौसाबाई म्हणाली, "पुरच्या गेटनी यायचा म्हंजे हायवे वलांडायला लागल गो. ही पाटी डोक्यावर घेऊन? माजा धंदा बसला समज."

आसावरीने ते वाक्य तसंच वहीत उतरवलं.

सभेत विश्रामकाकांनी टीव्हीवर कॅमेऱ्याचं चित्र लावलं. धूसर झाड, धूसर माणूस, माकडटोपी. आसावरीने स्वतःलाच ओळखलं. ती उठणार एवढ्यात बाबाच ताडकन उभे राहिले.

"ही टोपी माझी आहे! आठवडाभर शोधतोय मी!"

विश्रामकाका हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे तो घरात पण शिरून गेला."

"अगंबाई!" नीलाकाकू किंचाळल्या. "विंडचीटर पण तुमचंच आहे का बघा हो!"

"आहे की!"

"थांबा," आसावरी म्हणाली. "तो टोपीवाला मी आहे. प्रोजेक्टसाठी बसलेले."

विश्रामकाका कौतुकाने हसले. "पोरगी गुणी आहे हां. लोकांची भीती घालवायला स्वतःवर घेतेय."

"काका, खरंच मीच. डास चावतात म्हणून टोपी घातलेली."

"बरं, ती तू. पण मग खरा रेकीवाला कुठाय?"

"तो नाहीच आहे!"

"नाही कसा? त्याच्यासाठी एवढ्या विटा आणल्या ना?"

पुरावा संपला होता. प्रयोगशाळेत अशा वेळी ती उपकरण तपासायची; इथे तिने प्रश्नच बदलला. "ठीक आहे, बांधा भिंत. फक्त एक सांगा. भिंत झाल्यावर सुरक्षित कोण होणार?"

"सगळे!" विश्रामकाका म्हणाले.

"माझे गुडघे नाही होणार," नीलाकाकू पुटपुटल्या. "पुढून बाजार म्हणजे हायवे. जीव मुठीत धरून जायचं."

"सान्वीचा क्लास गावात आहे," मागून तिची आई म्हणाली. "तिला हायवेवरून एकटी पाठवू?"

"आणि हौसाबाई?" बाबांनी विचारलं. "बुधवारी मी काय खायचं?"

"प्रधान, हा सुरक्षेचा मुद्दा आहे. बोंबलाचा नाही."

"माझ्यासाठी बोंबलाचाच आहे, विश्राम!"

हसण्याचा स्फोट झाला आणि मग जो तो बोलू लागला. टोपीवाल्याला घाबरणारे बरेच निघाले. पण हायवेला, लांबच्या वाटेला आणि रोज घरात अडकून पडण्याला घाबरणारे त्याहून जास्त. हे इतके दिवस कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. मतदान झालं आणि भिंतीच्या बाजूने एकच हात वर आला. विश्रामकाकांनी तो थोडा वेळ वरच ठेवला, मग त्याच हाताने डोकं खाजवलं.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण त्या विटांचं काय करू?"

उत्तर नीलाकाकूंनी दिलं आणि ते कोणालाच बदलावंसं वाटलं नाही. पुढच्या रविवारी विश्रामकाका स्वतः थापी घेऊन बसले.

मागच्या गेटलगत कट्टा तयार झाला. लांबी सहा फूट, उंची सव्वा फूट. त्यावर हौसाबाई, तिची पाटी आणि तीन गिऱ्हाइकं एका वेळी बसतात.