झाकणाला हात लावायचा नाही

सासऱ्यांना कुठलंही झाकण दिसलं की ते घट्ट केल्याशिवाय चैन पडत नसे. साखरेचा डबा म्हणू नका, तेलाची बाटली म्हणू नका, काही सुटायचं नाही. बरं, घट्ट म्हणजे किती? सकाळच्या घाईत सून डब्याशी झटापट करायची, शेवटी हात टेकून नवऱ्याला हाक मारायची, आणि तो फडकं गुंडाळून दात-ओठ खात बसायचा. परवा अशाच झटापटीत बरणी फुटली आणि सुनेचा संयम सुटला.

"बाबा, आजपासून एकाही झाकणाला हात लावायचा नाही."

संध्याकाळी सासऱ्यांनी थोरल्या मुलाला फोन केला आणि आता कायमचा तुझ्याकडेच येतो म्हणून सांगून टाकलं.

म्हणून आज ते पिशवी मांडीवर घेऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसले होते. पुढे सून बसली होती. इतकी वर्षं हवी होती ती शांतता आता मिळणार, मग आपल्याला रडू का येतंय, हे तिचं तिलाच कळेना. खुशीत होता तो फक्त नवरा. गाडी कालच सर्व्हिसिंगहून आली होती. निघताना बॉनेट उघडून त्यानं वडिलांना चकचकीत इंजिन कौतुकानं दाखवलंही होतं.

हायवेला लागून थोडा वेळ होतो न होतो तोच तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला. नवऱ्यानं आधी काट्यालाच नावं ठेवली, मग एसी बंद केला. मग कुठंसं ऐकलेलं आठवून हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची गरमी त्यानं कमी होते म्हणे. भर दुपारी तिघंही घामानं निथळली. शेवटी बॉनेटमधून वाफा निघाल्या आणि गाडी कडेला घ्यावी लागली. नवऱ्यानं गॅरेजवाल्याला फोनवरच फैलावर घेतलं. त्यानं शांतपणे सांगितलं, इंजिन गार होईपर्यंत काही उघडू नका.

सगळे झाडाखाली थांबले. सुनेनं सासऱ्यांना पाण्याची बाटली दिली. ते पाणी प्यायले आणि बाटली परत दिली, झाकण नुसतं वर टेकवून. पाणी तिच्या कपड्यांवर सांडलं. तिला फार वाईट वाटलं.

बऱ्याच वेळानं नवऱ्यानं बॉनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण तिरकं, नुसतं टेकवलेलं होतं.

"सकाळी दिसलं होतं मला," सासरे म्हणाले.

"मग लावलं का नाहीत, बाबा?" सुनेनं विचारलं.

"हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना."

"अहो, ते घरातल्या झाकणांचं!"

"गाडीही घरचीच की, सूनबाई." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

होतं नव्हतं ते पाणी रेडिएटरमध्ये ओतून झालं. नवरा झाकण लावणार, तेवढ्यात तिनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि सासऱ्यांपुढे धरलं.

"चुकलं माझं. तुम्हीच लावा. आणि आपण घरी जाऊ या."

त्यांनी चष्मा पुसला, झाकण बसवलं आणि मनापासून आवळलं.

परतताना गाडी गॅरेजमध्ये नेली. इंजिन गार झाल्यावर मेकॅनिकनं झाकणाला हात घातला, मग फडकं गुंडाळलं, मग जोडीदाराला बोलावलं. दोघांचे चेहरे लाल झाले, पण झाकण हलेना.

"कुणी लावलंय हो हे?"

"आमच्याकडे असंच लावतात," सून म्हणाली.