हिल्केचा अकरावा वाढदिवस

शुक्रवारी सकाळी हार्म होक्समांनी कॉफीचा कप खाली ठेवला, टोपी डोक्यावर चढवली आणि "वाढदिवस आहे आज," असं म्हणून ते मागच्या दाराने गोदामाकडे निघाले. त्यांची मुलगी रेन्स्के ब्रेडवर चीजचा काप ठेवत होती. तिचा हात तिथेच थांबला. आज तिला एकोणपन्नास वर्षं पूर्ण होत होती. क्षणभर तिला वाटलं, आठवलं वाटतं म्हाताऱ्याला. एवढ्यात गोदामातून पिंपावर थाप मारल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हार्म यांचा खणखणीत स्वर: "अभिनंदन, हिल्के!"

रेन्स्केने चीज ब्रेडवर ठेवलं आणि खाऊन टाकलं. गेली दहा वर्षं हे असंच चाललं होतं.

हिल्के हे होक्समांच्या भट्टीतलं सर्वात जुनं पिंप. रेन्स्केच्या आजोबांना आकड्यांचं वावडं होतं, म्हणून त्यांनी पिंपांना बायकांची नावं द्यायला सुरुवात केली आणि ती रीत घरात राहिली. तीन वर्षं पिंपात काढल्याशिवाय आतल्या मालाला व्हिस्की म्हणायला कायद्याची परवानगी नाही, त्यामुळे पिंप भरल्याची तारीख जपावी लागे. ती हार्म लिहीत संडासातल्या कॅलेंडरवर. त्या देशात घरोघरी असतं तसं वाढदिवसांचं कॅलेंडर त्यांच्याही संडासात, बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल असं टांगलेलं होतं. "वही कोण उघडतंय? इथे प्रत्येकाला रोज यावंच लागतं," असं हार्म म्हणत. नावापुढे जन्मसालही लिहायचं, म्हणजे वय काढायला सोपं.

मागच्या हिवाळ्यात ओल येऊन जुनं कॅलेंडर कुजलं. एका रविवारी दमूनभागून रेन्स्केने सगळी नावं नव्या कॅलेंडरवर उतरवली. आत्या, शेजारी, चुलतभाऊ, शिवाय पिंपं: हिल्के २०१४, रूली २०२३, आन्ये २०२४. तिचं स्वतःचं नाव तेवढं राहिलं. आपला वाढदिवस आपल्याला पाठ असतो. तो लिहून ठेवायचा असतो दुसऱ्यांनी. पूर्वी ते काम आई करायची. आई जाऊन आता बारा वर्षं झाली होती.

तरी रेन्स्केला वाढदिवस नकोच होता. तिला रजा हवी होती. वर्षातलं शेवटचं पिंप बाटल्यांत उतरल्याशिवाय भट्टी सोडून कुणी जायचं नाही, हा घरचा नियम. आणि शेवटचं पिंप म्हणजे दरवर्षी हिल्के. चार वर्षं हार्म "यंदा उघडू" म्हणत आणि नोव्हेंबर आला की बुचावरून हात फिरवून "अजून थोडं राहू दे" म्हणून परत येत. चार वर्षांत रेन्स्केला एक आठवडा सलग झोप मिळाली नव्हती. यंदा मात्र त्यांनी स्वतःहून तारीख दिली होती. दोनशे बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या, अबकारी खात्याच्या साहेबांची दोन वाजताची वेळ ठरली होती, आणि सोमवारच्या बोटीने जायचं म्हणून रेन्स्केने उत्तरेच्या बेटावर एक खोली घेऊन ठेवली होती. खिडकीतून फक्त वाळू दिसते, असं घरमालकिणीने कळवलं होतं. रेन्स्केला तेवढंच बघायचं होतं.

एक वाजता दारावरची घंटा वाजली. दारात ट्राइन आत्या उभी, हार्मची धाकटी बहीण. हातात सफरचंदाचा केक आणि काखेत गुलाबी कागदातलं पुडकं.

"अभिनंदन, पोरी!" असं म्हणून आत्याने तिच्या गालांचे तीन मुके घेतले.

रेन्स्केने केक तिच्या हातातून घेतला. तिने ठरवलं होतं की आपल्याला काही वाटून घ्यायचं नाही. पण वाटलं, आणि चांगलंच वाटलं. "आत्या, तुझ्या लक्षात होतं?"

"कसलं लक्षात! दहा वर्षं चुकवली की मी. लाज वाटते सांगायला. सप्टेंबरात तुमच्याकडे आले तेव्हा संडासात तुझ्या अक्षरात वाचलं, हार्मचं मला कधी लागतच नाही, आणि लगेच वहीत उतरवून घेतलं. हिल्केबद्दल मनापासून अभिनंदन!"

आता, वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्या घराचं करायचं, हे तिकडे पाळण्यातच शिकवतात. आईचं लेकीबद्दल, दिराचं भावजयीबद्दल, फार काय शेजाऱ्याचं शेजाऱ्याबद्दल. पण पिंपाबद्दल कुणी कुणाचं केल्याचं रेन्स्केने ऐकलं नव्हतं. बाबांनी पिंप उघडणार म्हणून गावभर सांगितलेलं दिसतंय, असं तिने मनाशी धरलं. ती कॉफी टाकायला गेली.

मागे आत्याने कोट काढला आणि खुर्च्या ओढून गोल मांडायला सुरुवात केली. गोल बसल्याशिवाय वाढदिवस होत नाही.

"कुठेय ती?" आत्याने विचारलं.

"गोदामात."

"या थंडीत?"

"थंडीच मानवते तिला. घरात आणली तर बिघडेल."

आत्या खुर्ची धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "हार्मचा स्वभाव पहिल्यापासून असाच आहे," आणि बसली.

कॉफी ओतेपर्यंत पुन्हा घंटा वाजली. शेजारचा लाउत आणि त्याची बायको दिनेके आले होते. त्यांना आत्याकडून कळलं होतं. दोघांनी रेन्स्केचं अभिनंदन केलं, मग आत्याचं केलं, आत्याने त्या दोघांचं केलं. लाउतने दाराबाहेर जाऊन एक सायकल आत आणली. लहान, निळी, दांड्याला झिरमिळ्या लावलेली.

"अकरा वर्षांच्या मानाने उंच आहे की बेताची?" लाउतने काळजीने विचारलं. "कुणी सांगेना, म्हणून अंदाजाने घेतली."

रेन्स्केच्या हातात कॉफीचं भांडं होतं. तिने सायकलीकडे पाहिलं, मग गुलाबी पुडक्याकडे. आणि मग एकदम सगळं तिच्या ध्यानात आलं. संडासातलं कॅलेंडर, २०१४, बारा वर्षांपूर्वी विधुर झालेले बाबा, आणि पुढच्याच वर्षी त्यांना झालेली मुलगी. हे सगळे लोक दहा वाढदिवस चुकवल्याच्या ओझ्याखाली आले होते, आणि "ही हिल्के कोण?" असं विचारलं तर आपलं विसरणं उघडं पडेल म्हणून कुणी तोंड उघडलं नव्हतं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण तिने नुसता विचार केला: मग आत्या "अगं बाई" म्हणणार, दिनेके हसणार, लाउतला दोनदा समजावून सांगावं लागणार, तोपर्यंत दोन वाजणार. सांगण्यापेक्षा कॉफी ओतणं सोपं होतं. तिने कॉफी ओतली आणि प्रत्येकाच्या बशीत एकेक बिस्कीट ठेवलं.

दिनेके गावच्या शाळेच्या कचेरीत कामाला होती. तिने बिस्कीट खाल्लं, हात पुसले आणि हळूच म्हणाली, "रेन्स्के, आजचा दिवस आनंदाचा आहे, मी काही बोलणार नव्हते. पण हिल्केचं नाव आमच्या पटावर नाही."

"नसणारच," रेन्स्के म्हणाली.

"अगं, नसणारच काय! पाच वर्षांचं झालं की शाळेत घालावं लागतं. सरकारी माणूस येतो घरी."

बरोबर दोन वाजले आणि घंटा वाजली. काळा कोट, काखेत कातडी पिशवी, गळ्यात सरकारी ओळखपत्र. दिनेकेचा चेहरा पांढरा पडला. ट्राइन आत्या मात्र घाबरणाऱ्यातली नव्हती. तिने त्या माणसाचा हात धरून त्याला गोलातल्या खुर्चीत बसवलं आणि केकचा तुकडा त्याच्या मांडीवर ठेवला.

"साहेब, माझा भाऊ एकोणऐंशीचा आहे," ती म्हणाली. "जे झालं ते झालं. त्याच्यावर कारवाई करू नका."

अबकारी खात्याचे प्लूख साहेब नियमाने चालणारे गृहस्थ होते. "कारवाईचा प्रश्नच नाही, बाई. मी फक्त तिचं माप घ्यायला आलोय."

"माप?"

"आत किती शिल्लक आहे ते. दरवर्षी थोडी घटतेच, त्याला कायद्याची हरकत नाही. निम्म्याच्या खाली गेली असेल तर मात्र लेखी विचारावं लागेल."

लाउत उठून उभा राहिला. तो तापट नव्हता, पण त्याने साहेबांच्या अंगावर जाण्याची सगळी तयारी केलेली दिसली.

"हिल्के पिंप आहे," रेन्स्के म्हणाली.

प्लूख साहेबांनी केकचा घास घेतला.

"व्हिस्कीचं पिंप," रेन्स्के म्हणाली. "ओक लाकडाचं. दोन हजार चौदा साली भरलेलं."

"अगं बाई," ट्राइन आत्या म्हणाली. मग तिने विचारलं, "आणि रूली? आन्ये?"

"तीही पिंपंच."

"मी दोघींना मोजे विणायला घेतलेत गं," आत्या म्हणाली, आणि तिला खरोखरच वाईट वाटलं.

लाउतने सायकलीकडे पाहिलं. "पावती आहे माझ्याकडे," तो बायकोला म्हणाला.

पण जिच्या वाढदिवसाचा केक खाल्ला तिला न भेटता घरी जाणं कुणालाच बरं दिसेना. शिवाय साहेबांना माप घ्यायला जायचंच होतं. तेव्हा सगळी वरात गोदामात गेली. तिथे हार्म चर्चला जाताना घालायचा कोट चढवून, हातात लाकडी हातोडा घेऊन हिल्केशेजारी उभे होते. एवढी माणसं पाहून ते दचकले नाहीत. उलट त्यांना बरंच वाटलेलं दिसलं.

"आलात? बरं झालं. मला चार शब्द बोलायचेत," ते म्हणाले. चार शब्द हार्म वर्षभरात बोलत नसत. "ही हिल्के मी रेन्स्केच्या वाढदिवशी भरली. हिची आई गेल्यानंतरचं पहिलं वर्ष होतं ते. घर कसं चालायचं काही कळत नव्हतं, आणि ही पोर नोकरी सोडून इथे आली. तेव्हाच ठरवलं, ही पन्नासची होईल त्या दिवशी हे पिंप उघडायचं, आधी नाही. हिला वाटायचं म्हातारा टाळाटाळ करतोय. वाटू दे म्हटलं." त्यांनी टोपी काढली. "पोरी, पन्नास झालीस. अभिनंदन."

रेन्स्केला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. अकरा वर्षं ती या पिंपाचा हेवा करत आली होती.

"म्हणजे आज रेन्स्केचा वाढदिवस!" दिनेके कुजबुजली. तिघेही ओशाळले.

पण रेन्स्केचं मन रडता रडताच हिशेब करत होतं. पन्नास. बाबांनी एक वर्ष जास्त मोजलं होतं. आपण गप्प बसलो तर आत्ता बूच निघेल, संध्याकाळपर्यंत बाटल्या भरतील, आणि सोमवारी बोट. एक वर्ष म्हातारं व्हायचं आणि बेट मिळवायचं. सौदा वाईट नव्हता. तिने डोळे पुसले, मान खाली घातली आणि ती गप्प बसली.

हार्मनी हातोड्याने टकटक करून बूच सैल केलं.

"पन्नास कुठली?" ट्राइन आत्या म्हणाली. "ज्या उन्हाळ्यात पावसाचा थेंब पडला नाही त्या सालची ही. हिची आई पोटुशी, दिवसभर टबात पाय सोडून बसायची. मीच बादल्या ओतायची. सन शहात्तर. एकोणपन्नास झाली पोर."

हार्मनी बोटं मोजली. एका हाताची मोजली, दुसऱ्याची मोजली, मग मुलीकडे पाहिलं. रेन्स्केला खोटं बोलता आलं असतं, पण त्याला लागणारी ताकद तिच्यात उरली नव्हती.

"एकोणपन्नास, बाबा."

"मग पुढच्या वर्षी," हार्म म्हणाले, आणि तीन ठोक्यांत बूच पुन्हा आत गेलं.

प्लूख साहेबांनी खिशातून डायरी काढली. "पुढच्या वर्षी ही तारीख शनिवारी येते. शनिवारी आम्ही नसतो. सोमवार, सोळा?"

"सोमवार चालेल," हार्म म्हणाले. "तोवर नक्की झालेली असेल ना पन्नास?"

"दोन दिवस वरच," साहेबांनी लिहून घेतलं.

सगळे परत गोलात येऊन बसले. आता नव्याने अभिनंदनं सुरू झाली. हार्मचं मुलीबद्दल, आत्याचं भाचीबद्दल, लाउतचं शेजारणीबद्दल; प्लूख साहेबांचं कशाबद्दल करावं हे न कळून कुणीतरी त्यांचं नुसतंच केलं. आत्याने गुलाबी पुडकं रेन्स्केच्या हातात दिलं. आत सायकल चालवताना घालायचं शिरस्त्राण होतं, मांजराचे कान असलेलं. रेन्स्केने ते डोक्यावर घालून पाहिलं. बरोबर बसलं.

मग ती टेबलावरची पेन्सिल घेऊन संडासात गेली आणि कडी लावली. घरात कडी असलेली तेवढी एकच खोली होती. नोव्हेंबरच्या पानावर हिल्केच्या खाली तिने आपलं नाव लिहिलं, पुढे १९७६ लिहिलं आणि साल दोनदा गिरवलं. थोडा वेळ ती तिथेच बसून राहिली. मग बाहेर आली.

"बाबा, मी सोमवारी बेटावर जातेय. तीन आठवडे."

"कशी जाशील?" हार्म म्हणाले. "हिल्के राहिलीय ना अजून."

रेन्स्केने केकचा शेवटचा तुकडा आपल्या बशीत घेतला.

"अकरा वर्षांची झाली ती," ती म्हणाली. "आता राहील घरी एकटी."

हार्मनी गोलावरून नजर फिरवली. दिनेके मान हलवत होती. अकराव्या वर्षी मुली राहतात, असं ती शाळेच्या अनुभवावरून म्हणाली. ट्राइन आत्याही तेच म्हणाली. शेवटी हार्मनी प्लूख साहेबांकडे पाहिलं, आणि साहेब म्हणाले की त्याला कायद्याची काही हरकत नाही.